अर्धं गाऱ्हाणं

रत्नागिरी
११ जानेवारी २०२५

हरी,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. या वेळी तो राखून ठेवते.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस त्याला वर्ष होत आलं. परवा तुझ्या बायकोच्या, गोदाच्या फोनवरून लावला, तर माझा आवाज ऐकताच ठेवून दिलास. तुझ्या कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात एक सभ्य मुलगी आहे. ती म्हणाली, पत्र द्या, पुढच्या बंदरात जी माणसं जहाजावर चढतात त्यांच्या हाती पोचवतो. म्हणजे टपालाला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. बरं झालं.

तर मुद्दा असा, की तू बायकोला कसल्या गोळ्या देतोस?

ते लाल-सोनेरी डबे. वर केसात फूल माळलेली, पावडर थापलेली चिनी बाई, आत मिरीएवढ्या काळ्या गोळ्या. वास ओव्याचा आणि ओल्या सुंभाचा. गेल्या सुट्टीत तू बॅग भरून आणलेस आणि वाडीभर वाटलेस, हे मला ठाऊक आहे. पूर्वी छत्र्या आणि चॉकलेटं आणायचास. आता बायकांची उष्णता काढतोस. जहाजावरचा बोसन, खलाशांचा मुकादम, गावच्या धक्क्यावर उतरला की त्याचा धन्वंतरी होतो. तुळसाकाकी सांगत फिरते, "हरीच्या गोळ्यांनी माझा घामच गेला." तुळसाकाकीने सत्तरी गाठली. या वयात घामसुद्धा स्वतःहून रजा घेतो, त्याला चीन कशाला लागतो?

आणि आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तुला सांगायला काही उरणार नाही. दोन डबे मीही संपवलेत. पन्नाशी उलटल्यापासून अंगातून अशा वाफा निघतात की गिऱ्हाइकाच्या कापडावर माझ्या घामाचे ठिपके पडतात. गोदाने डबा दिला, मी घेतला, मला बरं वाटलं. तेव्हा "ताईला चिनी म्हटलं की पोटात दुखतं" असं कुणाला सांगू नकोस. माझ्या शिलाई मशीनची मोटार चिनी आहे आणि तुझ्यापेक्षा जास्त वर्षं तिने मला साथ दिली आहे.

पण माझी छाती शाबूत आहे. गोदाची नाही.

गेल्या आठवड्यात ती ब्लाउजचं माप द्यायला दुकानात आली. तिचे ब्लाउज कसे शिवावे लागतात ते तू कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगते. डाव्या बाजूला आतून खिसा. खिशात कापूस, आणि वजन बरोबर यावं म्हणून पातळ फडक्यात बांधलेली मोहरी. पदर सरकला तरी गावाला काही दिसू नये ही तुझी अट. वेदिकाचं लग्न व्हायचंय, आईला कॅन्सर झाला हे कळलं तर मुलीला कोण करून घेणार, हे तुझं शास्त्र. म्हणून तुझ्या घरची अब्रू मी मोहरी भरून शिवते.

एरवी गोदा आली की आधी पंखा पाचावर करते. ऑपरेशननंतर रोज घ्यायची जी पांढरी गोळी आहे, पाच वर्षं घ्यायची, तिने अंगात भट्टी पेटते. या वेळी ती पंख्याखाली बसलीच नाही. पदराने वारा नाही, पाणी नाही. मला आनंद झाला. म्हटलं, "सवय झाली गो गोळीची."

"गोळी सोडली वन्सं," ती म्हणाली. "दिवाळीपासनं. ह्यांच्या गोळ्यांनी सगळं थंड झालं. मंग ती कशाला घ्यायची?"

माझ्या ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या. गिळल्या नाहीत, हे नशीब.

दुसऱ्या दिवशी डबा पिशवीत घालून मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. कोल्हापूरहून महिन्यातून दोनदा इथे येतात त्याच. त्यांनी फोन धरून डब्यावरची चिनी अक्षरं वाचली आणि चष्मा काढला. डॉक्टरांनी चष्मा काढला की मी खुर्ची पुढे ओढते. म्हणाल्या, काही मुळांमध्ये, शेंगांमध्ये असं द्रव्य असतं, की ते बाईच्या अंगातल्या स्त्री-संप्रेरकासारखं वागतं. शरीराला वाटतं घरचंच माणूस आलं, ते दार उघडतं. पाळी जाताना होणारा त्रास त्याने कुणाकुणाचा कमी होतो. "पण तुमच्या वहिनीची गाठ त्याच संप्रेरकावर पोसलेली होती. आपण पांढरी गोळी देऊन दाराला कडी घातली. त्यांनी कडी काढली आणि वर खिडकीतून ताट सरकवलं." मी विचारलं, नक्की अपाय होईल का? म्हणाल्या, "यातलं किती अंगी लागेल हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून तर नको. आणि पांढरी गोळी सोडणं हे मात्र सरळ सरळ वाईट."

माझ्याही गोळ्या त्यांनी बंद करायला लावल्या. कालपासून मी पुन्हा घामाघूम आहे. या पत्रातला राग काही त्याचाही असेल, पण थोडाच.

तू तिला तुझ्या तोंडाने सांग. एक फोन कर. "काळ्या बंद, पांढरी सुरू." चार शब्द आहेत, डेकवरच्या पोरांवर ओरडताना याहून जास्त खर्च करतोस.

तुझी ताई
राजश्री

रत्नागिरी
२ फेब्रुवारी

हरी,

फोन तू केला नाहीस. गोदाला विचारलं तर म्हणाली, "केलानी की. रेंज नव्हती, हॅलो हॅलो झालं." तुमच्या संसाराचं एका वाक्यात वर्णन करायचं तर हेच करावं लागेल.

म्हणून मीच गावी गेले. एसटीने, कंबर मोडून. गोदा पडवीत बसून बांगडे साफ करत होती. मी डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं, दार, कडी, खिडकी, ताट. तिने ऐकून घेतलं. मग कोयता खाली ठेवून म्हणाली, "देवाने उजवा दिलाय वन्सं."

तुला सांगायला नको, पण समुद्रावर राहून विसरला असशील. आपल्या देवाच्या मूर्तीला दोन अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि विचारतात. उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. आपल्या गावात म्हैस घ्यायची तर कौल, विहीर खणायची तर कौल. तू स्वतः बोटीवर पहिल्यांदा गेलास तेव्हाही आईने लावला होता. तर दिवाळीनंतर गोदाने या गोळ्यांसाठी कौल लावला. बाबल्या गुरवाने गाऱ्हाणं घातलं. काय घातलं ते तिने मला म्हणून दाखवलं, तिला पाठ आहे.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या अंगात उष्णता झाली हाय. घरधनी दर्यावर हाय. त्यानं परमुलखातनं औषध धाडलान हाय. ते घेतलं तर गुण यावा, अशी तुझी मर्जी असंल तर उजवा दे म्हाराजा."

आणि भोवतीच्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" केलं. उजवी पडली.

मी विचारलं, "ऑपरेशनचं सांगितलंस देवाला?"

"बाबल्याच्या तोंडून? सगळ्या गावाच्या पुढ्यात?"

"मग निदान मनातल्या मनात?"

"मनातलं चालत नाय वन्सं. गाऱ्हाण्यात जे बोललं तेवढंच देव धरतो. तुम्हाला शहरात राहून एवढंही म्हायत नाय?"

ऐकलंस? म्हणजे देवाला तुम्ही केसपेपर अर्धाच दाखवलात. उष्णता आहे म्हणालात. गाठ झाली, छाती काढली, सहा महिने सलाईनं लावली, केस गेले आणि परत आले, हे सगळं घडी घालून आत ठेवलंत. देवाने तरी काय करावं? बाबल्या उष्णता म्हणाला, त्याने होय म्हटलं. देवाच्या जागी मी असते तर मीही उजवीच पाडली असती. पुजारी, पंच, शेजारीपाजारी जमवून, पूर्ण विधी करून, देवाला इतकं व्यवस्थित फसवणारी माणसं आपल्याच गावात असतील.

मी म्हटलं, "गोदा, डॉक्टरांचं तरी ऐक."

ती म्हणाली, "डॉक्टरने छाती नेली. देवाने झोप दिली. कोणाचं ऐकू?"

मी पाट ओढून तिच्या शेजारी बसले आणि बांगडे धुवायला घेतले. वाद सोडून मी मासे धुते असं फार वेळा होत नाही, तू जाणतोस.

मग बांगड्यांना मीठ-हळद लावता लावता, माझ्याकडे न बघता तिने आणखी एक सांगितलं. ते लिहू की नको याचा मी येताना एसटीत संगमेश्वरपर्यंत विचार केला. लिहिते. ऑपरेशननंतर तू दोन सुट्ट्यांत घरी आलास. पहिल्या सुट्टीत तू ओटीवर झोपलास, कारण "तिला आराम हवा". दुसऱ्या सुट्टीत हे डबे आणलेस. पहिली गोळी तू स्वतः काढून तिच्या तळहातावर ठेवलीस, पाण्याचा तांब्या दिलास आणि ती गिळेपर्यंत जवळ बसलास. "तेवढंच काय ते जवळ बसले," ती म्हणाली.

आता मला सांग, ती ही गोळी सोडणार कशी? तिच्यात कसलं मूळ आहे आणि कसली शेंग आहे हे शोधायला डॉक्टरीणबाईंना फोन लागला. माझ्या लक्षात तिथेच आलं की तिच्यात तू आहेस. आणि तूही तेवढ्याच प्रमाणात आहेस, मिरीएवढा.

एक वाट आहे. पुन्हा कौल लावायचा, गाऱ्हाणं पूर्ण घालून. देवाने सगळं ऐकून नको म्हटलं तर ती सोडेल, असं तिने कबूल केलंय. पण ऑपरेशनचा शब्द देवळात उच्चारायचा तर तुझी परवानगी हवी. तिने तुला शब्द दिलाय आणि तो ती मोडणार नाही. अशा बायका कुठून येतात आणि तुझ्यासारख्यांना कशा मिळतात, हा वेगळा कौल लावण्याचा विषय आहे.

तेव्हा लिही. परवानगी दे.

राजश्री

रत्नागिरी
२३ फेब्रुवारी

हरी,

तुझं पत्र मिळालं. ब्लॉक उठवायला मान आडवा येतो म्हणून तूही कागदावर उतरलास. अक्षर अजून चौथीतलंच आहे.

तू लिहितोस, "मी मे महिन्यात येतो, तोवर थांबा." हे वाक्य मी ओळखते. गाठ निघाली तेव्हाही तू हेच म्हणाला होतास. डॉक्टर म्हणत होते पुढच्या आठवड्यात ऑपरेशन, तू म्हणत होतास सुट्टीपर्यंत. गाठ तुझ्या कंपनीचं वेळापत्रक पाळत नव्हती म्हणून मी सही केली आणि तू मला ब्लॉक केलंस. त्यावर तू लिहितोस, "माझी बायको तू मला न विचारता कापून घेतलीस." न विचारता नाही रे. विचारलं होतं. तुझं उत्तर ऐकलं नाही, एवढंच. आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा ऐकणार नाही.

पण मला आग लागली ती वेगळ्याच ओळीने. तू गोळ्यांची बाजू मांडायला लिहितोस, मी तुझ्याच शब्दांत उतरवते: "दुकान साधंसुधं नाही. सिंगापूरला तीन पिढ्यांचं आहे. म्हातारी बाई खुर्चीवर बसवून चौकशी करते. वय किती, पाळी कधी गेली, कुठे गाठ आहे का, कसलं ऑपरेशन झालंय का, सगळं मोबाईलवर आपल्या भाषेत करून विचारते आणि मगच औषध देते."

आणि खाली, सहज, जणू हवापाणी कळवावं तसं: "मी म्हटलं तसलं काही नाही. परक्या बाईला घरातलं कशाला सांगायचं."

हरी, मी ही ओळ वाचली आणि चालू मशीनवरचा पाय काढला.

त्या दुकानात वेदिकाला सांगून आलेलं संगमेश्वरचं स्थळ बसलं होतं का? वेदिकाच्या होणाऱ्या सासूची मावसबहीण तिथे आलं-लिंबू घ्यायला आली होती का? सबंध समुद्र मध्ये टाकून, मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या म्हातारीपुढे तू गावाची अब्रू राखलीस. तिने नेमका तोच प्रश्न विचारला होता. आमच्या डॉक्टरीणबाईंनी विचारला तोच. ती औषध विकायला बसली होती आणि तरी विचारत होती. तिथे तू "तसलं काही नाही" म्हणालास, इथे बाबल्याकडून "उष्णता" म्हणवून घेतलंस. मी इतके दिवस त्या मुळांना, शेंगांना शिव्या घालत होते. त्यांची मी माफी मागते. झाडाने काही लपवलं नव्हतं.

परवानगी तू दिली नाहीस. कारण तेच, वेदिका. म्हणून ऐक, तुझी वेदिका रविवारी चिपळूणहून इथे आली होती. तिच्या पुढ्यात मी तुझं पत्र ठेवलं. वाचून ती म्हणाली, "आत्ये, संगमेश्वरवाल्यांना मीच सांगून टाकते ना. उद्या मला दर वर्षी तपासायला जावं लागेल. तेव्हा काय सासरी सांगू, ब्लाउजला माप द्यायला चालले?" मी म्हटलं, बाबांना सांग. म्हणाली, "बाबांना मी काही सांगितलं की ते म्हणतात आईला दे. आईला दिलं की ती म्हणते बाबांना विचार." एवढं बोलून ती दुकानातला चिवडा खात बसली. पोरगी तुझ्या नाकाची आहे, पण डोकं कोणाचं ते शोधावं लागेल.

उद्या पहाटेची एसटी धरून मी गावी जाते. तुझं पत्र बरोबर नेणार आणि ती ओळ गोदाला वाचून दाखवणार. तू याला विश्वासघात म्हणशील. म्हण. दुकानातल्या बाईला खोटं सांगून आणलेलं औषध तिच्या तळहातावर ठेवताना तुझ्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. वाईट नसणार. तू वाईट नाहीस. वाईट माणसाशी भांडणं किती सोपं असतं. बायको बरी व्हावी असं तुला मनापासून वाटतं, फक्त ती आजारी होती हे तुला कळायला नको आहे.

राजश्री

रत्नागिरी
२५ मार्च

हरी,

शिमग्याला जे झालं ते तुला गावातल्या तीन जणांनी तीन तऱ्हांनी कळवलं, असं ऐकते. त्यानंतर तू गोदाला फोन केलास. रेंज चांगली होती म्हणे. आणि पहिला प्रश्न केलास, "कौल कुठला पडला?"

तिने फोन तसाच वेदिकाच्या हातात दिला. आता तू तिच्याकरवी माझ्याकडे निरोप धाडतोस की, ताई तिथे होती, तिने नीट पाहिलं असेल, कुठली पाकळी पडली ते कळव. कळवते. पण मी सुरुवातीपासून सांगणार आणि तू सगळं वाचणार.

मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती ओळ गोदाने मला पुन्हा वाचायला लावली. मग विचारलंन, "त्या बाईने विचारलेलं?"

"विचारलं होतं."

"गाठीचं?"

"गाठीचंच."

"आणि हे नाय म्हणाले." मी पत्राची घडी घातली. ती उठली, कोनाड्यातला डबा आणलान, झाकण उघडून त्या गोळ्यांकडे बघत राहिली. तुला वाटेल तिने डबा उकिरड्यावर फेकला. नाही फेकला. तिने तो परत ठेवला, कारण देवाचा उजवा अजून होता. म्हणाली, "वन्सं, शिमग्याला याल ना? आणि तो निळा ब्लाउज उसवून द्या. मोहरी काढून टाका. मोहरीला काय, फोडणीला होईल."

मी उसवला. इतकी वर्षं बायकांचे ब्लाउज शिवतेय, पण उसवून मोहरी वाटीत काढून द्यायची ही पहिलीच वेळ.

होळीच्या दुसऱ्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईचे सगळे चाकरमानी आलेले, देवाची रूपं, ते चांदीचे मुखवटे, पालखीत लागलेली, पालखी बाहेर पडायची होती. त्याआधी ज्याचं त्याचं गाऱ्हाणं. कुणाला मुलगा हवा, कुणाची नोकरी, कुणाचा भावाशी वाद. बाबल्या गुरव एकेकाचं घालत होता आणि गाव "व्हय म्हाराजा" करत होतं. गोदाचा नंबर आला. बाबल्याने पाकळ्या लावल्या, हात जोडले, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या अंगात उष्णता..."

"बाबल्या, थांब," गोदा म्हणाली. "मी घालते."

मानकऱ्यांतला एक म्हणाला, "वयनी, गाऱ्हाणं गुरवानं घालायचं असतं."

"गुरवाला ठावूक नाय काय सांगायचं ते. त्याला मीच सांगितलं नव्हतं."

आणि ती पुढे झाली. निळा ब्लाउज, पदर खांद्यावर पिन लावून घट्ट. डावी बाजू सपाट होती आणि कुणालाही दिसत होती. तिने हात जोडले नाहीत. कदाचित विसरली असेल. सरळ देवाकडे बघून, शेजारणीला सांगावं तशा आवाजात बोलली.

"बा देवा म्हाराजा. मागच्या खेपेला तुला उष्णता म्हणून सांगितलं, ते अर्धं होतं. माझ्या डाव्या छातीत कॅन्सर झाला होता."

आणि गावाने सवयीने म्हटलं, "व्हय म्हाराजा."

हसू नकोस. मला हसू आलं होतं आणि मी पदर तोंडात कोंबला. पाच-पंचवीस जणांनी अगदी तालात म्हटलं, आणि मग आपण कशाला होय म्हटलं हे त्यांच्या लक्षात आलं. नंतर बाहेर ढोलवाला ढोलाची दोरी आवळत होता तेसुद्धा देवळात ऐकू आलं.

गोदा थांबली नाही. "छाती कापून काढली. ही बघ. डॉक्टरने गोळी दिली, ती मी सोडली. घरधन्याने औषध आणलान ते घेतलं. त्यालाही मी आजारी हे बोलायचं नव्हतं, मलाही नव्हतं, म्हणून तुलाही सांगितलं नाय. वर्ष झालं, मी कापसाची बाई होऊन फिरतेय. आता सगळं सांगितलं. आता बोल काय ते."

कुणी "व्हय" म्हटलं नाही. तुळसाकाकी माझ्या शेजारी होती. ती पुढे गेली आणि गोदाच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग मोठ्याने म्हणाली, "गो माझे बाय, आणि मी गेल्या मार्गशीर्षात तुझ्याशी वंगाळ बोलले, मासे विकायला येत नाय, माज चढलाय म्हणून." त्यावर कुणीतरी मागून हुंदका दिला. चार-सहा बायका पुढे सरकल्या. त्यातल्या एकीने, नाव लिहीत नाही, तिचं तिने सांगावं, गोदाच्या कानात काही सांगितलं आणि गोदा तिचा हात धरून तिला बाजूला घेऊन गेली. पुरुष देवाकडे पाहावं की बायकांकडे पाहावं या घोटाळ्यात सापडले आणि त्यांनी जमिनीकडे पाहिलं. तुझे मित्र त्यातच होते.

गोदा वळली आणि देवळाच्या पायऱ्या उतरून घरी निघाली. मी मागे धावले. म्हटलं, "अगो, कौल?"

"तुम्ही बघा वन्सं. माझा भात चुलीवर आहे."

घरी जाऊन तिने आधी भात उतरवला, मग पांढरी गोळी घेतली. माझ्या देखत. दुसऱ्या आठवड्यात आम्ही डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. सगळ्या तपासण्या केल्या. म्हणाल्या, सध्या काही दिसत नाही, पण इतके दिवस औषध चुकलंय, तेव्हा तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं. "सध्या" हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. मी मोजला. घामाच्या त्रासावर त्यांनी वेगळी गोळी दिली आहे. ती निम्मीच लागू पडते. गोदा पुन्हा पंखा पाचावर करते आणि शिव्या देते. कुणाला ते विचारू नकोस.

संगमेश्वरवाल्यांनी "कळवतो" म्हणून सांगितलंय. अजून कळवलेलं नाही. कळवतील असं मला वाटत नाही. वेदिका म्हणते, गेले तर गेले. पण परवा ती माझ्या दुकानात आली आणि दिवसभर बसून बटणं लावत राहिली. तिला बटणं लावायला आवडत नाही. तेव्हा हे सगळं फुकट झालं असं समजू नकोस. किंमत पडली. ती पोरीने भरली आणि तुला कळवायचं नाही असंही तिनेच सांगितलं होतं. पण या घरात न कळवण्याचं काम आता मी करणार नाही.

माझ्या दुकानात सध्या बायका ब्लाउजचं कापड घेऊन येतात आणि कापडाखालून लाल-सोनेरी डबा काढतात. "ह्या आम्ही घ्याव्या का वो?" मी शिंपीण आहे. मी त्यांना डॉक्टरीणबाईंचा वार आणि वेळ सांगते आणि म्हणते, डबा घेऊन जा आणि विचारतील ते सगळं सांगा. घरातलं, अंगातलं, सगळं. तुळसाकाकी मात्र म्हणाली, "मी काय जायची नाय. माझं सगळं जागच्या जागी हाय. हरी मेला नाय आणणार तर सिंगापुराला मी स्वतः जाईन." तिच्यासाठी ते दुकान पाहून ठेव.

आता तुझा प्रश्न.

मी देवळात परत गेले होते. बाबल्याला विचारलं, कुठली पडली? तो ओशाळला. म्हणाला, "वयनीकडेच बघत राह्यलो वो ताई." मानकऱ्यांना विचारलं. एक म्हणाला उजवी, एक म्हणाला डावी, आणि दोघांनाही खात्री नव्हती. पाकळ्या दोन्हीही खाली होत्या, आणि आधी कुठली आली ते जमिनीवरून कळत नाही. भरल्या गावात, शिमग्याच्या दिवशी, देवाने काय सांगितलं ते कोणी पाहिलं नाही. बोलला असेलही. ऐकायला कोणी रिकामं नव्हतं.

तुला जाणून घ्यायचंच असेल तर मे महिन्यात ये आणि स्वतः विचार. बाबल्या पाकळ्या लावून देईल. पण गाऱ्हाणं तुझं तुलाच घालावं लागेल. मोठ्याने, गावासमोर, पहिल्यापासून. गोदाचं घालून झालंय.

राजश्री